किती चालली?

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा असो, सोसायटीचा वॉचमन असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले कुणी दूरचे मामा असोत, माझ्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "केटली चाली?" बडोद्यात तो बहुतेकदा गुजरातीतून येतो, आपल्या माणसांकडून मराठीतून. किती चालली? मी सांगते, तीन लाख अठरा हजार. ऐकणारा क्षणभर गप्प होतो आणि मग आजाऱ्याच्या घरी बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणतो, "मग आता काढून टाका."

गाडी १९९६ ची मारुती ८००. पांढरी, कार्बोरेटरवाली, जीजे-०६ पासिंगची. २००३ साली मी घेतली तेव्हा ७८ हजार चालली होती. मी पादरा गावातल्या शाळेत फिजिक्स शिकवते आणि राहते कारेलीबागेत, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे चाळीस किलोमीटर. बाकी हिशेब कुणालाही करता येईल. ३,१८,००० हा आकडा मात्र मीटरवरचा नाही, माझ्या वहीतला आहे. मीटरची केबल मधल्या काळात दोनदा तुटली. एकदा तर पाच महिने काटा शून्यावर पडून होता. तेवढे किलोमीटर मी पेट्रोलच्या हिशेबावरून काढून वहीत मिळवले. प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक बेअरिंग त्या वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. त्यामुळे आकडा सांगताना मला कधी खाली बघावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं हातात पाने धरल्यावर माझं पक्कं मत झालंय की गाडी चालून संपत नाही, उभी राहून संपते.

हे मी फियाटकडून शिकले.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या शेडमध्ये काकांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी होती. घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही, फियाट ती फियाट. २००४ मध्ये काका गेले आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. अकरा वर्षांनी काकूंनी मला बोलावून किल्ली हातात ठेवली. "अगं, फिरली कुठं ती? डाकोरला, पावागडला, नाहीतर स्टेशनवर कुणाला आणायला. एक्केचाळीस हजार फक्त. नवीच आहे म्हण ना." एक्केचाळीस हजार! जुन्या गाड्यांच्या बाजारात हा आकडा ऐकून लोक धावत येतात. मीही मनातून हरखले होते.

मग मी ती उघडायला घेतली.

टायरची नक्षी अजून खोल होती, पण बाजूच्या रबराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. इथं १९०३ होतं, म्हणजे २००३ सालचा एकोणिसावा आठवडा. काकांनी जाण्याआधी वर्षभर नवे टायर घातले होते तर. रबराला किलोमीटर कळत नाहीत, ते वर्षं मोजतं. टाकीतल्या पेट्रोलचा हलका भाग केव्हाच उडून गेला होता आणि खाली काकवीसारखं, वार्निशच्या वासाचं काहीतरी उरलं होतं. तेच कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जातं त्या बारीक भोकात, पिवळ्या डिंकासारखं बसलेलं. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते चारही जाम, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ती ओल व्हील सिलिंडरच्या तळाशी साचते आणि आतून गंज धरतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. मागच्या सीटमधला काथ्या आणि डॅशबोर्डमागच्या वायरींचं प्लॅस्टिक कुरतडून उंदरांनी बॉनेटखाली घरटं बांधलं होतं. त्यात काकांच्या अक्षरातला कागदाचा तुकडा निघाला. "हवा, पाणी, किल्ल्या." प्रवासाला निघताना बघायच्या गोष्टी.

इंजिन हलत नव्हतं. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं-थोडं ऑइल सोडलं, चार दिवस मुरू दिलं, आणि पाचव्या दिवशी क्लच मोकळा करून, चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही दोघा-तिघांनी गाडी पुढे-मागे हलवायला सुरुवात केली. अर्धा तास काही नाही. मग पंख्याचं पातं बोटभर सरकलं. शेडमध्ये मी केवढ्यानं ओरडले ते काकूंनी वरच्या मजल्यावरून ऐकलं. पण ती बोटभर हालचाल आणि रस्त्यावरची पहिली फेरी यांच्यात आठ महिन्यांचे रविवार गेले. एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेल्या "नव्या" गाडीसाठी.

त्याच वर्षी मारुतीचं हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी. हेड उतरवलं तेव्हा ती दोन लाख तीस हजारांच्या पुढे होती. सिलिंडर झिजला की वरच्या कडेला, जिथपर्यंत पिस्टनची रिंग पोचत नाही तिथं, एक बारीक पायरी तयार होते. जुने मेकॅनिक आधी नखानं बघतात, मोजमाप मागाहून. मी तिन्ही सिलिंडरमधून नख वर ओढलं. पायरी जाणवली, पण नख अडकलं नाही. बोअरिंगची, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घ्यायची, गरज नव्हती. नवं गॅस्केट घातलं, व्हॉल्व्ह घासून बसवले आणि पुढच्या सोमवारी त्याच गाडीतून शाळेत गेले.

वर्गात घर्षण शिकवताना मी हेच उदाहरण घेते. चालत्या इंजिनात धातूला धातू जवळजवळ लागतच नाही. फिरणारा शाफ्ट ऑइलला स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. तो थर नसतो सुरू होण्याच्या क्षणी. रात्रभर ऑइल खाली निथळलेलं असतं आणि पहिल्या काही फेऱ्यांना धातू धातूवर घासतो. आता एक गाडी दिवसातून सहा वेळा सुरू होऊन भाजी मंडईपर्यंत जाते आणि दुसरी दोनदाच सुरू होऊन वीस-वीस किलोमीटर धावते. मीटरवर दुसरीचा आकडा फुगतो, इंजिन पहिलीचं झिजतं. शिवाय इंजिन पुरतं तापलं की ऑइलमध्ये मिसळलेली वाफ आणि पेट्रोल उडून जातं. मंडईच्या फेरीत ते आतच राहतं आणि ऑइलची माती करतं. माझ्या मारुतीचं आयुष्य पादऱ्याच्या रस्त्यानं वाढवलं, असं मी खरोखर मानते.

पण निगा शिकवली चाचांनी.

त्यांचं गॅरेज प्रतापनगरच्या बाजूला. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, कडुनिंबाचं झाड आणि जमिनीत खणलेला एक खड्डा. गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ती मिस मारायला लागली म्हणून मी तिथं गेले आणि काम होईपर्यंत उभी राहून बघत बसले. दुसऱ्या खेपेलाही तशीच उभी. तिसऱ्या खेपेला चाचांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "देखती क्या हो टीचर, खोलो." त्या दिवसापासून ते मला टीचर म्हणतात.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट मी अजून रोज वापरते. नट किंवा प्लग बसवताना आधी तो उलटा फिरवायचा, हातानं, अगदी हलका. एका ठिकाणी आटा आट्यावरून खाली पडतो आणि बोटांना बारीकसा "टक्" जाणवतो. तो टक् आला की मग सुलटा फिरवायचा, तोही हातानंच, जाईल तिथपर्यंत. पाना सगळ्यात शेवटी. हे मी एकदा, २००५ मध्ये, घाईत केलं नाही. शाळेला उशीर होत होता. मधल्या सिलिंडरचा प्लग तिरपा धरला गेला, जड लागला, आणि मी पाना लावून रेटला. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. आटे गेले. लेथवाल्याकडून भोक मोठं करून, नवे आटे पाडून, आत बुश बसवावा लागला. चाचा रागावले नाहीत. त्यांनी तो प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. जुना भाग गिऱ्हाइकाला असाच परत करायची त्यांची पद्धत आहे, म्हणजे काय बदललं ते त्याला डोळ्यांनी दिसतं. तो प्लग माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चमक अडकलेली आहे अजून.

हत्यारांची पेटी माझ्या वडिलांची. ते कलाभवनात फिटरचं काम शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की हुन्नर लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावा. मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण कामाचे शब्द जवळचे असले की हातही धीट होतो. आटे, कानस, घोडी, कमानी, पक्कड. "थ्रेड डॅमेज झालंय" म्हणताना जे कळतं त्यापेक्षा "आटे गेलेत" म्हणताना जास्त कळतं. माझ्या शाळेतल्या मुलांनाही मी हे शब्द मुद्दाम सांगते.

त्या पेटीत पाने लावायचीही एक रीत बसली आहे. मारुती जपानी वळणाची, म्हणून तिला १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने लागतात. फियाट इटालियन वळणाची, तिला १२ आणि १४ जवळजवळ लागतच नाहीत, तिचा सगळा संसार १०, १३, १७ आणि १९ वर. बोल्टची जाडी तीच, फक्त डोकं वेगळं. अंधारात पेटीत हात घालून तेरा नंबर हाताला लागला की मला आपोआप फियाटच्या ग्रीसचा वास आठवतो.

आता पुराबद्दल.

२६ ऑगस्ट २०२४ ला गोकुळाष्टमी होती आणि पाऊस ठाण मांडून बसला होता. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, वरून आजवा तलावाचं पाणी तिला मिळतं. शहरात तिची धोक्याची पातळी २६ फूट. त्या दोन-तीन दिवसांत ती ३५ फुटांच्या वर गेली. नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या होत्या, त्यामुळे पाण्यात उतरून काही वाचवायचा प्रश्नच नव्हता. फियाट रंगकामासाठी मकरपुऱ्यात दिलेली होती म्हणून वाचली. मारुती खाली पार्किंगमध्ये.

सोसायटीच्या फाटकातून पाणी आत यायला लागलं तेव्हा हातात अर्धा तास होता. गाडी बाहेर काढायला रस्ता उरला नव्हता. मी बॅटरी काढून वर नेली, कारण पाण्यात बुडालेल्या वायरीतून करंट वाहत राहिला तर तांबं आणि पितळ तासातासाला खाल्लं जातं. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात फडकं कोंबलं आणि वरून दुहेरी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनं आवळली. सायलेन्सरचं तोंड बंद करायला वाकले तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलं होतं आणि मुलानं मला ओढत जिन्यावर नेलं. ते राहून गेलं. दोन दिवस गाडी डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होती. गॅलरीतून फक्त छप्पर दिसायचं.

पाणी उतरल्यावर सोसायटीत लोक पहिली गोष्ट करत होते ती म्हणजे किल्ली फिरवून बघत होते. मी जिन्यातून धावत जाऊन तिघांना थांबवलं, दोघांपर्यंत पोचू शकले नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असताना स्टार्टर पिस्टनला वर ढकलतो, पाणी जागा देत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी पुष्कळदा पुरानं मरत नाही, त्या एका किल्लीनं मरते. पुढच्या चार दिवसांत क्रेन येत राहिल्या. शेजारच्यांची दोन वर्षांची गाडी होती, इंजिन धड होतं, पण सीटखालचे आणि डॅशबोर्डमागचे कंट्रोल युनिट गेले होते. विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलं. ते गाडीपाशी उभे राहून बराच वेळ बोलत नव्हते, आणि त्यांचं दुःख मला माझ्याच घरातलं वाटलं.

माझ्या गाडीला थर्ड पार्टी विमा. म्हणजे जे करायचं ते मीच. चाचांचे गुडघे आता वाकत नाहीत. त्यांचा मुलगा त्यांना स्कूटरवर घेऊन आला आणि ते चिखलातच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले.

आधी ऑइल चेंबरचा नट. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसलेलं असतं. नट सैल केला आणि पहिल्यांदा नुसतं गढूळ पाणी आलं, धार बारीक, मग पाणी आणि ऑइल मिळून दुधाच्या चहासारखं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी काळं, जाड, ओळखीचं ऑइल. पाणी लोटाभरच होतं. मग प्लग काढले आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधून काहीच नाही. मधल्यातून पाण्याची चूळ उडाली, थेट माझ्या चष्म्यावर. कार्बोरेटर तर कोरडा निघाला होता, पिशवीनं काम केलं होतं. मग पाणी एकाच सिलिंडरमध्ये कसं? चाचा आणि मी एकदमच बोललो: सायलेन्सर. इंजिन थांबलं तेव्हा मधल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारं दार, उघडा राहिलेला. पाणी मागून, उलट्या वाटेनं, तिथपर्यंत चढलं. बाकी दोघांची दारं बंद होती.

पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर मी पार्किंगमध्ये. इंजिनात डिझेल घालून, हातानं फिरवून, ते काढून टाकलं. मग स्वस्तातलं ऑइल घालून तेही काढलं, आणि मग खरं ऑइल. गिअर बॉक्सचं ऑइल बदललं. स्टार्टर आणि आल्टरनेटर उघडून, धुऊन, उन्हात ठेवले. मागचे ड्रम उघडले तर आत चिखल वडीसारखा थापला गेला होता. पुढच्या चाकांची बेअरिंग गेलीच होती. गाडीच्या तळाला रबराची बुचं असतात, ती काढली की आतलं पाणी वाहून जातं. सोसायटीत कुणालाच ती माहीत नव्हती, त्या संध्याकाळी मी सात गाड्यांची काढून दिली. सीट गच्चीवर, कार्पेट गच्चीवर. वायरींचा एकेक सॉकेट उघडून, पुसून, पुन्हा बसवला. या गाडीत ते मोजके आहेत, म्हणूनच हे माझ्यासारखीला जमलं.

६ सप्टेंबरला संध्याकाळी सायलेन्सरमधून आधी पाण्याचा फवारा उडाला, मग पांढरी वाफ, मग दोन सिलिंडरचा लंगडा आवाज. साधारण मिनिटभरानं तिसरा मिळाला. एक-तीन-दोन, एक-तीन-दोन, या इंजिनाच्या ठिणग्या याच क्रमानं पडतात. चाचा डोळे मिटून ऐकत होते. "अब दौड़ाओ इसको," ते म्हणाले, "खड़ी मत रखना." दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. आम्ही गणपती त्याच गाडीतून घरी आणला. सीट अजून दमट होत्या, म्हणून खाली पाट आणि पाटावर जुनी नऊवारी अंथरली होती.

त्यानंतर ती बावीस हजार चालली आहे.

सगळं मी गोड करून सांगू इच्छित नाही. या गाडीत एअरबॅग नाही, पत्रा पातळ आहे, आणि अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर मी घरच्यांना तिच्यातून नेत नाही. धुराचं म्हणाल तर पीयूसीत तिच्या काळातल्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, माझी एकाच्या आसपास येते, पण नवी गाडी याहून कितीतरी स्वच्छ असते हे मी मुलांना शिकवते आणि स्वतःही विसरत नाही. दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. २०२१ मध्ये मी त्यासाठी ६०० रुपये फी भरली होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,०००. मी ती भरणार आहे. फक्त माझं एवढंच म्हणणं आहे की गाडीचा धूर मोजा, ब्रेक तपासा, तळाचा पत्रा ठोकून बघा आणि नापास असेल तर खुशाल नापास करा. जन्मसालावरून माणसाची तब्येत कळत नाही, तशी गाडीचीही कळत नाही.

नवीन त्रास पेट्रोलचा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते आणि त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला जेटचं भोक जेवढं तेवढंच कळतं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअप अडखळतो. मी दोन्ही गाड्यांत मेन जेट एक नंबर मोठा घातला आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं. आणखी एक, ते ओल धरतं. उभ्या गाडीच्या टाकीत ते जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर घात करतं. म्हणजे गाडी चालती ठेवण्याला आता आणखी एक कारण मिळालं.

फियाटच्या सुट्या भागांचं अवघड होत चाललं आहे. इतकी वर्षं ते मुंबईहून, ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या दुकानांतून यायचे, आणि दुकानदार ते ठेवायचे टॅक्सीवाल्यांसाठी. दिवस-रात्र, दोन-दोन पाळ्यांत, लाखो किलोमीटर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी. त्यांच्या जिवावर काकांसारख्यांच्या शेडमधल्या फियाटी जगल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली आणि तेव्हापासून माझ्या फोनला उत्तर येतं, "आता येत नाही हो ताई तो माल." मागच्या वर्षी एकानं चकचकीत डब्यातून व्हील सिलिंडरचे किट पाठवले, त्यातले रबर तीन महिन्यांत सुजले. आता मी जुने सिलिंडर लेथवर नेऊन आत पितळेचा स्लीव्ह घालून घेते. महाग पडतं, पण पितळ गंजत नाही.

गेल्या आठवड्यात काकू आल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना फियाटमधून सुरसागरला एक फेरी मारून आणली. परत आल्यावर उतरता उतरता त्यांनी मीटरकडे बघितलं आणि डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला. "किती झाली गं?"

"सदुसष्ट हजार."

"म्हणजे ह्यांच्यापेक्षा..." त्या बोटांवर हिशेब करत राहिल्या. "ह्यांनी एक्केचाळीस केले. तुझे सव्वीस." मग म्हणाल्या, "अजून पंधरा राहिले तुझे."

येत्या रविवारी तिचा मागचा डावा ड्रम उघडायचा आहे. ब्रेक ऑइल बोटभर खाली गेलंय आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतोय, सिलिंडरच असणार. स्लीव्ह करून ठेवलेला एक तयार आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. तेरा नंबरचा पाना काढून बाहेर ठेवलाय.